बाकावरचा दुसरा माणूस

जून 2023, बेंगळुरू. दक्षिण आशियाई देशांच्या सॅफ फुटबॉल स्पर्धेत पाकिस्तानविरुद्ध भारताचे मुख्य प्रशिक्षक इगोर स्टिमाच यांना लाल कार्ड मिळालं. कुवेतविरुद्ध पुन्हा तेच! मग उपांत्य आणि अंतिम सामना सांभाळला तो सहायक प्रशिक्षक, गोव्याचे माजी बचावपटू महेश गवळी यांनी. 4 जुलैला शूटआउटमध्ये कुवेतला 5-4 असं हरवून भारत विजेता ठरला.

असा प्रकाशझोत क्वचितच. एरवी काम सराव घेण्याचं, प्रतिस्पर्ध्याचे व्हिडिओ तपासण्याचं, संघाबाहेर बसवलेल्या खेळाडूची समजूत काढण्याचं. बढती मिळाली तरी खुर्ची पक्की नसते. गोव्याचेच साव्हियो मदेरा 2011 मध्ये सहायकाचे मुख्य प्रशिक्षक झाले, त्याच डिसेंबरात सॅफ जिंकले. पुढच्या वर्षी त्या जागी डच विम कोवरमान्स आले.

अमेरिकी कॉलेजांत सहायक प्रशिक्षकपद हा अनेकदा पूर्णवेळ पेशा असतो. रत्नागिरीसारख्या ठिकाणी मात्र कॉलेजातलं फुटबॉल, कबड्डी, खो-खो सारं बहुधा एकाच क्रीडाशिक्षकाच्या गळ्यात. तिथल्या तरुणाला या वाटेनं जायचं असेल, तर अखिल भारतीय फुटबॉल महासंघाच्या डी परवान्यापासून सुरुवात करावी. पुढे सी, बी, ए आणि प्रो.