मका उष्ण पडतो का?

कामं आवरून बसलात की आवरता आवरता ऐकताय? दोन्ही चालेल. आज कोंबड्यांच्या खाण्याबद्दल बोलू या.

गेल्या मे महिन्यात आमच्या एका गटाच्या बैठकीत चांगलंच वाजलं. गटातल्या एका ताईंनी कर्ज काढून २५ कोंबड्या घेतल्या होत्या. ऐन उन्हात एका दुपारी त्यातल्या ९ गेल्या. मग बैठकीत ज्या त्या तोंडी एकच, "हिने मका घातला. मका उष्ण. उन्हाळ्यात कुणी मका घालतं का?" हप्ता थकला तोही तिच्याच चुकीने, असा ठपका बसला. खरं सांगायचं तर आम्हीही तेव्हा मान डोलावली. लहानपणापासून तेच ऐकलं होतं. ताईंनी मका बंद केला आणि उरलेल्या कोंबड्यांना नुसता कोंडा आणि शिळं अन्न घालायला लागल्या. पंधरा दिवसांत अंडी निम्म्यावर आली. तेव्हा आम्ही पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना गाठलं आणि नीट विचारून घेतलं.

आधी कोंबडीचं अंग समजून घेऊ. तिचं अंग मुळातच आपल्यापेक्षा गरम, ४१ ते ४२ अंश. आपल्याला तेवढा ताप आला तर घरात रडारड होईल. शिवाय तिला घाम येत नाही. अंगातली उष्णता बाहेर टाकायची ती चोच उघडून धापा टाकत, पंख अंगापासून लांब धरून, आणि तुरा, गलोल, पाय यांच्यातून. बाहेरची हवाच तापली, की हे मार्ग अपुरे पडतात. अंगाचं तापमान आणखी चार-पाच अंशांनी वाढलं, की ती वाचत नाही.

आता खाण्याचं. कुठलंही अन्न पचताना अंगात उष्णता तयार होते. मका असो, ज्वारी असो, नाहीतर तांदळाची कणी. फरक आहे तो कमी-जास्तीचा. सगळ्यात जास्त उष्णता होते ती प्रथिनं पचताना, म्हणजे सोयाबीनची पेंड, शेंगदाण्याची पेंड, सुकट यांच्यात असतात ती. पिष्ट पदार्थांची त्याहून कमी, आणि तेला-तुपाची सगळ्यात कमी. गंमत बघा, आपण तेलकटाला उष्ण म्हणतो! मक्यात प्रथिनं शंभरात आठ-नऊच भाग असतात, बाकी बहुतेक पिष्ट. म्हणजे ज्या मक्याला आम्ही आरोपी केलं, तो पेंडीपेक्षा थंडच म्हणायचा. म्हणून पेंड बंद करायची असं मात्र नाही. अंड्याला प्रथिनं लागतातच. फक्त उन्हाळ्यात "ताकद यावी" म्हणून वरून मूठ-मूठ पेंड वाढवू नका.

मग ही समजूत आली कुठून? आमचा अंदाज असा, की थंडीत संध्याकाळी कोंबड्यांना मका घालायची पद्धत आहे. दाणा रात्रभर पचत राहतो, अंग गरम राहतं. ते खरंच आहे. पण ती करामत मक्याची कमी आणि वेळेची जास्त. ज्वारी घातली तरी तेच होईल.

आणि इथेच त्या ९ कोंबड्यांचं उत्तर सापडलं. खाल्ल्यानंतर साधारण चार ते सहा तासांनी पचनाची उष्णता सर्वात जास्त होते. ताई रोजगाराच्या कामावरून ११ वाजता घरी यायच्या आणि तेव्हा दाणे टाकायच्या. म्हणजे ऊन सगळ्यात कडक असताना, तीन-चारच्या सुमाराला, पोटातली भट्टीही पेटलेली. वर पत्र्याचं छप्पर. पाण्याचा डबा ५ लिटरचा, तोही उन्हात.

पाण्याचा हिशोब तर आम्ही बैठकीत फळ्यावर मांडला. मोठी कोंबडी दिवसाला १०० ते १२० ग्रॅम खाते. एरवी त्याच्या दुप्पट पाणी पिते, कडक उन्हाळ्यात चौपटही पिते. धरून चाला अर्धा लिटर. २५ कोंबड्यांना साडेबारा लिटर झालं. डबा ५ लिटरचा! आणि तापलेलं पाणी कोंबडी पीत नाही, तहानलेली असली तरी. मातीच्या परळात, सावलीत, दिवसातून तीन वेळा बदलून पाणी ठेवलं तर ती पिते.

तेव्हा खाणं सूर्य उगवायच्या सुमाराला घाला. नऊच्या आत उरलेलं उचला. पुन्हा घालायचं ते संध्याकाळी ऊन उतरल्यावर. कामावर जाणाऱ्या बाईने पहाटेच घालून जावं. दुपारी कोंबड्या उपाशी राहतील ही काळजी नको, त्यांनाही तेव्हा खावंसं वाटत नसतं. सकाळी भरडा थोडा पाण्यात कालवून दिला तर जरा जास्त खातात, पण उरलेला टाकून द्या, तासा-दोन तासांत आंबतो. मका घाला, पण बुरशी लागलेला, काळा पडलेला दाणा कुठल्याच ऋतूत नको.

उन्हाळ्यात अंड्याची कवचं पातळ का होतात, हे आम्हाला नेहमी विचारतात. सतत धापा टाकल्याने रक्तातलं गणित बिघडतं आणि कवचाला चुना कमी पडतो. त्यात खाणंही कमी झालेलं. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवा, हवा तेवढा त्या खातात. दवाखान्यातून क्षाराची पावडर मिळाली तर पाकिटावरच्या मापाने पाण्यात घाला. मीठ मात्र अंदाजाने टाकू नका, कोंबडीला जास्त मीठ बाधतं.

पत्र्यावर पाचट किंवा तुराट्या टाका, बाजूला ओलं गोणपाट लावा. आपल्याकडच्या कोरड्या हवेत त्याचा उपयोग होतो. कोकणासारख्या दमट हवेत ओल्या गोणपाटापेक्षा वारा खेळता ठेवणं महत्त्वाचं. एखादी कोंबडी आडवी पडलीच तर सावलीत न्या, तुरा आणि पाय गार पाण्याने भिजवा, चोचीला थेंब-थेंब पाणी लावा. घशात ओतू नका, गुदमरते.

आणखी एक. सकाळच्या गारव्यातही कोंबड्या मरत असतील, मान वाकडी होत असेल, हिरवी हगवण असेल, तर तो उन्हाचा प्रकार नाही. मानमोडीची शंका घ्या, आजारी वेगळ्या करा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

त्या ताईंच्या कर्जाचं पुढच्या बैठकीत ठरलं. हप्ता तीन महिने पुढे ढकलला, दंड लावला नाही, आणि ज्यांनी ठपका ठेवला होता त्यांच्यातल्याच दोघीजणी छपरावर पाचट टाकायला गेल्या. आम्ही शिडी धरली. मका पुन्हा सुरू झाला, आता पहाटे साडेपाचला.