निफाडचं पाणी, अंजनेरीचं आभाळ

सुट्टीला कुठे जायचं हे ठरवताना आमच्या घरी पहिला प्रश्न असतो, तिथे आपलं कोण आहे? नवऱ्याला डोंगर चढायचा असतो. बारावीतल्या मुलीला पक्षी हवे असतात आणि आठवीतल्या मुलाला मोकळं रान. सासूबाईंचे गुडघे दुखतात, पण घरी एकटं राहायला त्यांना मुळीच आवडत नाही. मला मैत्रिणींना भेटायचं असतं. या सगळ्यांचं मन राखणारा जिल्हा माझ्या ओळखीचा आहे. माझी शाळा नाशिकची. माझ्या बाकावर बसणाऱ्या दोघी अजून त्याच जिल्ह्यात आहेत. एक लग्न होऊन निफाड तालुक्यात द्राक्षबागायतदाराच्या घरी गेली. दुसरी पशुवैद्यक झाली आणि त्र्यंबक रस्त्याला घर बांधून राहिली. एकीच्या घरापासून नांदूरमधमेश्वर बंधाऱ्याचं पाणी जवळ, दुसरीच्या गच्चीतून अंजनेरीचा डोंगर दिसतो.

यंदा जानेवारीत गेलो. राज्यातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत निफाडचं नाव दर हिवाळ्यात येतं, ते का येतं हे तिथे पहाटे अंगणात उभं राहिलं की कळतं. पारा फार उतरला तर द्राक्षांचे मणी तडकतात, म्हणून बागेत शेकोट्या पेटवून रात्र जागवावी लागते. आम्ही पोहोचलो त्या रात्री मैत्रिणीचे यजमान, माझे दाजी, बागेतूनच आले. जेवायला बाजरीची भाकरी, वांग्याचं भरीत, कांद्याची पात आणि शेंगदाण्याची चटणी होती. जेवताना ते मुलीला म्हणाले, "उद्या लगेच पक्षी बघायच्या मनोऱ्यावर नको जायला. परवा कालव्याचं रोटेशन सुटलंय, पाणी उतरलंय. आधी कडेच्या चिखलाकडे जाऊ."

या एका वाक्यात त्या जागेचं सगळं गणित आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला, ब्रिटिश अमलात, गोदावरी आणि कादवा यांच्या संगमाजवळ नांदूरमधमेश्वरचा बंधारा बांधला गेला. हेतू शेतीला पाणी देण्याचा होता आणि आजही त्याचे कालवे शेतीच भिजवतात. पण दोन्ही नद्यांनी वर्षानुवर्षं गाळ आणून टाकला. पात्र उथळ झालं, मध्ये बेटं तयार झाली, काठाला पाणवनस्पती आणि गवत माजलं. साठवणीच्या दृष्टीने हे नुकसान, पण पक्ष्यांसाठी अन्नाचं कोठार. वरच्या गंगापूर, दारणा धरणांतून पाणी आलं की इथली पातळी चढते. कालव्याचं आवर्तन, म्हणजे दाजींचं रोटेशन, सुटलं की ती उतरते आणि चिखल उघडा पडतो. पाणी चढलं की बदकं पसरतात. ते उतरलं की लांब पायांचे पक्षी चिखलात उतरतात. कुठल्या दिवशी काय दिसेल हे पुस्तकात सापडत नाही. ज्याच्या बागेला तेच पाणी येतं, त्या शेतकऱ्याला ते पाठ असतं. पक्षी बघायला जाताना तिथल्या माणसाला का विचारावं, याचं माझ्या मते याहून चांगलं कारण नाही.

दाजींनी सांगितलं तसंच झालं. चिखलात शेकाट्यांची रांग लागली होती. हे गुलाबी, काडीसारख्या लांब पायांचे काळे-पांढरे पक्षी वाकून किडे वेचत होते. त्यांच्यात मोर शराटी होत्या, त्यांच्या पंखांवर ऊन पडलं की हिरवी-जांभळी झाक उठते. जरा पुढे चक्रवाकांची जोडी होती. केशरी अंगाचा हा पक्षी लडाख आणि तिबेटच्या बाजूला वीण करतो आणि थंडीत आपल्याकडे येतो. मुलगा सगळ्यात जास्त वेळ थापट्या बदकांपाशी थांबला. या बदकाची चोच टोकाला फावड्यासारखी पसरट असते आणि तिच्या कडेला बारीक दातेरी झालर असते. तोंडात घेतलेलं पाणी त्या झालरीतून बाहेर पडतं आणि बारीक जीव आत अडकतात. चार-पाच थापट्या एकमेकांच्या मागे गोल गोल फिरत होती. त्या फिरण्याने तळातलं खाणं वर येतं आणि पुढच्याने ढवळलेलं मागच्याला मिळतं. ते कळल्यावर मुलाने दुर्बीण खाली ठेवलीच नाही.

मग चापडगावच्या बाजूच्या मनोऱ्याकडे गेलो. सासूबाईंना तिथली सपाट वाट सोयीची पडली, त्या खालीच बाकावर बसल्या. शेजारी वन विभागाने शिकवून तयार केलेला गावातलाच एक गाईड होता. त्याने स्पॉटिंग स्कोप त्यांच्या उंचीला लावून दिला. त्यात त्यांना जांभळ्या पाणकोंबड्या दिसल्या, कमळाच्या पानांवरून चालणारे कमळपक्षी दिसले आणि काळ्याभोर अंगावर पांढरं कपाळ मिरवणारे वारकरीही. वारकऱ्यांचं नाव त्यांना फार आवडलं. ज्येष्ठ माणसं बरोबर असतील तर मी डोंगरापेक्षा पाणथळ जागा आधी निवडेन. चालणं थोडं, बघायला खूप, आणि बसून राहणाऱ्याला फिरणाऱ्यापेक्षा जास्त दिसतं.

नांदूरमधमेश्वरचं हे पक्षी अभयारण्य १९८६ साली जाहीर झालं. डॉ. सलीम अलींनी या जागेला महाराष्ट्राचं भरतपूर म्हटलं होतं, असं इथे सगळे अभिमानाने सांगतात. इथे २४० हून अधिक जातींच्या पक्ष्यांची नोंद आहे. २०२० च्या जानेवारीत नांदूरमधमेश्वर हे महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ म्हणून जाहीर झालं. इराणमधल्या रामसर या गावी २ फेब्रुवारी १९७१ रोजी पाणथळ जागा जपण्याचा आंतरराष्ट्रीय करार झाला, त्या कराराच्या यादीत आता आपलं हे पाणी आहे. त्यानंतर लोणार आणि ठाण्याची खाडी यांचीही भर पडली. मी ठाण्यात राहते. खाडीतले रोहित बघायला आम्ही जातो, पण मैत्रिणीच्या शेताजवळचं पाणी त्याच यादीत आधी पोहोचलं याचा मला मनापासून आनंद आहे.

दुपारी दुर्बिणी पिशवीत गेल्या. त्या वेळी पक्षीही सुस्तावतात, तेव्हा ती वेळ माणसांची. माझ्या आणि मैत्रिणीच्या सासूबाई ओट्यावर बसल्या, आम्ही दोघी बागेत. छाटणी, मजुरी, निर्यातीचा भाव, तिच्या मुलाचं परदेशी जाणं, माझ्या वडिलांचं आजारपण, सगळं बोलून झालं. फोनवर यातलं अर्धंसुद्धा बोलून होत नाही.

मग मुक्काम त्र्यंबक रस्त्याला हलवला. माझी पशुवैद्यक मैत्रीण कमी बोलते, पण गिधाडांचा विषय निघाला की तिला थांबवता येत नाही. त्या रात्री विषय सासूबाईंनीच काढला. त्यांचं माहेर जळगाव जिल्ह्यातलं. त्या म्हणाल्या, "आमच्या गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की दुपारपर्यंत नुसती हाडं उरायची. आता गिधाडं कुठं गेली गं?"

मैत्रिणीने सांगितलं ते मुलंही जेवण थांबवून ऐकत राहिली. १९९० च्या दशकात गुरांच्या ताप-सुजेवर डायक्लोफिनॅक हे स्वस्त आणि लवकर गुण देणारं औषध सर्रास वापरलं जाऊ लागलं. औषध दिल्यावर थोड्याच दिवसांत जनावर मेलं तर त्याच्या अंगात ते उरतं. असं मांस खाल्लेल्या गिधाडाचं मूत्रपिंड निकामी होतं, युरिक आम्ल अवयवांवर पांढरं साचतं आणि पक्षी मरतो. लांब चोचीच्या गिधाडांची संख्या देशात ९५ टक्क्यांहून अधिक घटली. कारण कळेपर्यंत वर्षं गेली. औषधाचा दोष सिद्ध करणारं संशोधन २००४ साली प्रसिद्ध झालं आणि २००६ साली भारताने गुरांसाठी डायक्लोफिनॅकवर बंदी घातली. "नोकरीला लागले तेव्हा प्रत्येक दवाखान्यात ते असायचं," ती म्हणाली. "आता मेलॉक्सिकॅम आहे. गुरांना गुण येतो, गिधाडांना धोका नाही."

सकाळी सासूबाई मैत्रिणीच्या आईजवळ थांबल्या आणि आम्ही अंजनेरी चढलो. डोंगराची उंची सुमारे १३०० मीटर. गावामागून वाट निघते, पायऱ्यांची घळ चढून पठारावर येते. तिथे अंजनीमातेचं मंदिर आहे. हनुमानाचा जन्म इथला अशी श्रद्धा असल्याने भाविकांची ये-जा असते. पठारावरून समोर ब्रह्मगिरी दिसतो. पावसाळ्यात इथे फुलांचं राज्य असतं. 'सेरोपेजिया अंजनेरिका' या कंदीलपुष्पाची शास्त्रात पहिली नोंद २००६ साली याच डोंगरावरून झाली. जानेवारीत पठार पिवळं पडलेलं असतं आणि नजर कड्यांकडे जाते, तिथल्या लांब चोचीच्या गिधाडांकडे.

मैत्रिणीने आम्हाला कड्यापासून बरंच मागे बसवलं. गिधाडं उजाडताच उडत नाहीत. जड शरीर पंख मारत वर नेणं त्यांना परवडत नाही. ऊन चढून जमीन तापली, गरम हवा वर उठू लागली की ती त्या हवेवर स्वार होतात. साडेनवाच्या सुमारास पहिलं गिधाड कड्याखालून वर आलं. मग आणखी दोन आली. आमच्या नजरेच्या पातळीवरून पंख न हलवता ती गेली तेव्हा मानेभोवतीची पांढुरकी पिसं साध्या डोळ्यांनी दिसली. हा पक्षी कड्याच्या कपारीत घरटं करतो आणि वर्षाला एकच अंडं घालतो. वीण हिवाळ्यात चालते, म्हणजे आपण ट्रेकला जातो नेमके तेच महिने. म्हणून कड्याच्या टोकाशी आरडाओरडा, फटाके, ड्रोन यांतलं काहीही तिथे चालवून घेऊ नये. ब्रह्मगिरी ते अंजनेरी रोपवेचा प्रस्ताव पुढे आला तेव्हा पर्यावरणप्रेमींनी याच गिधाडांसाठी विरोध केला. माझं मत त्यांच्या बाजूचं आहे. ज्याला चढवत नाही त्याच्यासाठी खाली नांदूरमधमेश्वर आहे, हे मी सासूबाईंच्या अनुभवावरून सांगते.

अशी सुट्टी करायची तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ धरा. एक जिल्हा पुरेसा आहे. पाणथळीवर उजाडताना पोहोचा, डोंगरावर ऊन चढायच्या आत. मैत्रिणीच्या घरी उतरलात तर तिच्या शेतीच्या हंगामाचा आधी विचार करा, द्राक्षाची काढणी जोरात असताना चार पाहुणे नको असतात. आणि तुमच्या घरी, गावी, नात्यात कुणाकडे गाई-म्हशी असतील तर डॉक्टर इंजेक्शन देताना औषधाचं नाव विचारा. डायक्लोफिनॅकवर बंदी आहेच. केटोप्रोफेन आणि अॅसिक्लोफिनॅक या औषधांवरही २०२३ साली गुरांसाठी बंदी आली. तुम्ही मेलॉक्सिकॅम मागा.