उणे साठ टक्के

बारामती एमआयडीसीत पाळी सुटते तेव्हा प्रगती म्हणजे काय, ते कुणाला समजावून सांगावं लागत नाही. पियाजिओची तीनचाकी इथे जुळते, फेरेरोची चॉकलेटं इथे बनतात, टेक्स्टाइल पार्कातून आसपासच्या वाड्यांवरच्या बायका स्वतःचा पगार घेऊन घरी जातात. १९७२ च्या दुष्काळात याच भागातल्या बायका खडी फोडत होत्या. ही मजल मी मुळीच कमी लेखत नाही.

पण एवढ्यावर हिशेब पुरा होत नाही. त्याच्या कितीतरी आधी, दुष्काळावरच उतारा म्हणून १८८५ मध्ये नीरा डावा कालवा आला. त्याचं पाणी उसाने ओढलं आणि अतिपाण्याने कितीतरी काळी रानं चोपण झाली. कालव्याच्या वरची मोरगाव-सुप्याकडची गावं जिरायतीच राहिली. पुढे १९८० मध्ये भीमेवर उजनी धरण झालं. इंदापूर तालुक्यातलं जुनं पळसदेव त्यात बुडालं, गाव वर सरकलं. आज त्याच जलाशयात पुणे-पिंपरीचं सांडपाणी उतरतं. वरच्या शहराची भरभराट खालच्या गावाला हिरव्या, वास मारणाऱ्या पाण्याच्या रूपात भेटते.

भीमेला पाण्यापायी गाव उठणं नवं नाही. तिला मिळणाऱ्या घोड नदीच्या काठी, शिरूर तालुक्यात, इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं. तीन हजारांहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या गावात ऐसपैस चौकोनी घरं होती, पुराचं पाणी वळवणारा पाट होता, जवाची शेती होती. इ.स.पूर्व १००० च्या सुमारास चौकोनी घरं जाऊन लहान गोल झोपड्या आल्या, शेती आटली, गुरं आणि शिकारीवर भर आला. इ.स.पूर्व ७०० च्या सुमारास गाव उठलं. पुरातत्त्वज्ञ म. के. ढवळीकरांनी त्याचं कारण दिलं ते वाढत्या रखरखीचं. ती माणसं अडाणी झाली नव्हती. पाणी गेलं होतं.

उजनीची क्षमता ११७ टीएमसी, त्यातला निम्म्याहून जास्त मृतसाठा. २०२४ च्या उन्हाळ्यात धरण उणे साठ टक्क्यांच्या आसपास, म्हणजे मृतसाठ्यातही खोलवर गेलं. जुन्या पळसदेवबरोबर बुडालेलं पळसनाथाचं देऊळ उघडं पडलं, बघायला गर्दी लोटली. काठावरचे शेतकरी मात्र चाऱ्या खोदत, पाइप आणि केबल वाढवत मोटारी आणखी आत नेत होते. ऊस अजून रानात उभा होता.