धावपटूचा दमसास

शरीर कमावलेले असणे म्हणजे काय, असे विचारल्यास पुष्कळ सुशिक्षित गृहस्थ पिळदार दंडाकडे बोट दाखवितील. आखाड्यातील मल्लापुरते हे उत्तर काही अंशी खरेही आहे. परंतु जोर-बैठकांनी घडविलेला तोच देह मैलभर वेगाने पळावयास लावला, तर अर्ध्या वाटेतच त्याला धाप लागणे अगदी शक्य आहे. तेथे शक्ती उणी पडत नाही. ती निराळ्या कामाची शक्ती असते, इतकेच.

धावपटूची खरी पुंजी त्याच्या हृदयात असते. स्वस्थ बसलेल्या सामान्य प्रौढाची नाडी मिनिटास सुमारे ७० वेळा उडते. वर्षानुवर्षे लांब पल्ल्याची धाव घेणाऱ्याची ती ४० च्या आसपासही आढळते. हे अशक्तपणाचे लक्षण मुळीच नव्हे. अभ्यासाने त्याच्या हृदयाचा डावा कप्पा मोठा झालेला असतो व एकेका ठोक्यासरशी तो अधिक रक्त पुढे लोटतो. पायांच्या स्नायूंतील केशवाहिन्यांचे जाळेही दाट होते आणि रक्तातील प्राणवायू अधिक उचलला जातो. मराठीत ज्याला दमसास म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे.

चेकोस्लोव्हाकियाचा एमिल झाटोपेक ४०० मीटर वेगाने धावे, मग थोडे अंतर सावकाश, पुन्हा वेगाने, असे एका दिवसात कित्येक फेरे घेई. १९५२ साली हेल्सिंकीच्या ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटर, १०,००० मीटर व मॅरेथॉन या तिन्ही शर्यती त्याने जिंकल्या. मॅरेथॉन तर तो प्रथमच धावत होता. चेहरा मात्र असा पिळवटलेला, की पाहणाऱ्यास वाटावे, हा आता कोसळणार! त्याच ऑलिंपिकमध्ये कऱ्हाडजवळील गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी कुस्तीत कांस्यपदक मिळविले. दोघांच्या तयारीची अदलाबदल झाली असती, तर दोघेही रिक्तहस्ते परतले असते.

हौशी तरुण फसतो तो दुसऱ्याच ठिकाणी. हृदय काही आठवड्यांत सुधारू लागते. हाडे व कंडरा यांना मात्र महिनेच्या महिने लागतात. दम आला, तेव्हा पायही तयार झाले, अशा समजुतीने तो अंतर एकदम वाढवितो आणि नडगी धरून बसतो. अशा वेळी घरच्यांनी तेल चोळून त्याला पुन्हा मैदानावर धाडणे हा त्याच्यावर अन्यायच होय. त्याला विश्रांती हवी असते. धावताना छातीत कळ आली किंवा भोवळ आली, तर तत्काळ वैद्यकीय सल्ला घ्यावा.

अंथरुणातून उठण्यापूर्वी रोज नाडी मोजून ती टिपून ठेवावी. एखाद्या सकाळी ती नेहमीपेक्षा बरीच जलद भरली, तर आदल्या दिवसाचा शीण उतरलेला नाही किंवा ताप येऊ घातला आहे, असे समजून त्या दिवशी धावणे तहकूब करावे.