हरल्याचा हिशेब

गेल्या पावसाळ्यात गुरुकुंज मोझरीच्या एसटी थांब्यावर बास्केटबॉलचा सामना हरून परतलेली शाळकरी मुलं भेटली. न्यायला आलेले पालक गुरुजींवर घसरले होते, ‘सरच बदलून टाका!’ गुरुजी मुकाट्याने चेंडूची जाळी सावरत उभे.

मला बँकेतले दिवस आठवले. थकबाकी वाढली की पहिला मेमो शाखाधिकाऱ्याला. दुष्काळाला मेमो कोण देणार!

हा खेळ १८९१ मध्ये शोधला जेम्स नेस्मिथ यांनी. पुढे तेच कॅन्सस विद्यापीठाच्या संघाचे प्रशिक्षक झाले. सामने जिंकले ५५, हरले ६०! खेळाचा जनकच तोट्यात. पण त्यांच्याच हाताखाली खेळलेल्या फॉग ॲलन यांनी पुढे प्रशिक्षक म्हणून शेकडो सामने जिंकले. १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये बास्केटबॉल आला, तेव्हा नेस्मिथ तिथे हजर होते. आपल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथकही तेव्हा बर्लिनला गेलं होतं.

गुरुजींना जाब जरूर विचारावा. पण त्याआधी चेंडू किती, मैदान कसं, सरावाला वेळ किती, हे आपण स्वतःला विचारावं. त्यांना विचारायचं एवढंच, की हरल्यावर किती मुलं मैदानावर परत आली?

एवढ्यात एका पोराने विचारलं, ‘सर, उद्या किती वाजता या लागते?’

पालक गप्प झाले.