मशीन म्हणतंय "मीठ कमी", पण खरंच कमी आहे का?

ज्यांना हा एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, त्यांच्यासाठी लिहून काढलेली ही आवृत्ती. बोलताना झालेली अडखळ काढलीय, बाकी तसंच ठेवलंय.

मार्चमध्ये आप्पांचा फोन आला. आप्पा म्हणजे माझे मोठे काका. जळगावच्या बाहेर भुसावळ रोडला त्यांचं लॉन्स आहे आणि तिथेच ४० हजार लिटरचा छोटा स्विमिंग पूल. उन्हाळ्यात पोरांचे पोहण्याचे क्लास चालतात. आप्पा म्हणाले, "मीठ टाकी टाकी थकी गऊ, तरी पानी हिरवंच शे." मेकॅनिकने सांगितलं होतं, सेल गेला, नवीन टाका. सेल म्हणजे या मशीनचा सगळ्यात महागडा भाग. मी कोड लिहितो, पूल दुरुस्त करत नाही, हे आप्पांना सांगून उपयोग नव्हता. "तू इंजिनीअर ना? मग ये."

आधी मशीन काय करतं ते समजून घेऊ. याला सॉल्ट क्लोरिनेटर म्हणतात. पाण्यात लिटरमागे साधारण साडेतीन ग्रॅम मीठ असतं. समुद्राच्या पाण्यात ३५ ग्रॅम असतं, म्हणजे हे त्याच्या दहाव्या भागाइतकं. हे पाणी सेलमधल्या टायटॅनियमच्या प्लेटांमधून जातं. प्लेटांवर रुथेनियमसारख्या धातूच्या ऑक्साइडचा पातळ लेप असतो. त्यातून डीसी करंट गेला की मिठापासून क्लोरीन बनतं. ग्रामपंचायत पाण्याच्या टाकीत टीसीएल पावडर टाकते, तेच काम इथे मशीन रोज थोडं थोडं करतं.

आता महत्त्वाची गोष्ट. क्लोरीनचं काम झालं की त्याचं परत मीठच होतं. मीठ संपत नाही! ते कमी होतं फक्त पाणी बाहेर गेल्यावर, म्हणजे उसळून, गळून किंवा फिल्टरच्या बॅकवॉशमध्ये. बाष्पीभवनाने पाणी उडतं, मीठ मागेच राहतं. मग आप्पांचं मीठ जात कुठे होतं?

कुठेच नाही. डिसेंबरमध्ये मशीनवर "मीठ कमी" दिवा लागला. मशीन मीठ मोजत नाही, पाण्यातून करंट किती सहज जातो ते बघतं आणि त्यावरून अंदाज करतं. पाणी एक अंश गार झालं की करंट वाहून नेण्याची ताकद साधारण २ टक्क्यांनी घटते. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर आणि जानेवारीत पहाटे दहाच्या खाली. थंडीत बरीच मशीन्स खोटं बोलतात. आप्पांनी दिव्यावर विश्वास ठेवला आणि ५० किलोच्या दोन गोण्या ओतल्या. मी मिठाची पट्टी बुडवून बघितली. लिटरला ६ ग्रॅम.

मार्चमध्ये ऊन तापलं तरी दिवा जाईना, कारण तोवर दुसरं दुखणं लागलं होतं. पूल बोअरच्या पाण्याने भरतात आणि आपल्या भागात बोअरचं पाणी बहुतेक ठिकाणी जड. गीझरच्या कॉइलवर पांढरा थर बसतो ना, तोच थर सेलच्या प्लेटांवर. क्लोरीन बनताना पाण्याचा पीएचही वर सरकतो, त्यामुळे थर अजून लवकर धरतो. शिवाय पीएच ८ च्या वर गेला की असलेलं क्लोरीनही निम्म्याने काम करत नाही.

आणि तिसरी गोष्ट बघून मी खरंच घाबरलो. मशीन "फ्लो नाही" म्हणून बंद पडत होतं, म्हणून कोणा वायरमनने फ्लो स्विच डायरेक्ट करून ठेवला होता. आम्ही ऑफिसात अलर्ट वाजायला लागला की म्यूट करतो, तसंच. पण सेलमध्ये क्लोरीनसोबत हायड्रोजन वायूही बनतो. पाणी वाहत असेल तर तो निघून जातो. पाणी थांबलं आणि करंट चालू राहिला तर तो सेलमध्ये साठतो, आणि एका ठिणगीने सेल फुटू शकतो. पाइपशेजारी पोरं उभी असतात, भाऊ! खरं कारण काय निघालं? पंपाची जाळी पानांनी भरली होती. पाच मिनिटांचं काम.

सेल असा साफ केला:

१. मेन स्विच बंद. व्हॉल्व्ह बंद करून सेल काढला.
२. हातमोजे, चष्मा आणि उघडी जागा. बादलीत आधी दहा भाग पाणी, मग त्यात एक भाग हायड्रोक्लोरिक ॲसिड. ॲसिडमध्ये पाणी कधीच ओतायचं नाही.
३. प्लेटा बुडवल्या, वायरचं टोक कोरडं ठेवलं. फेस थांबला की बाहेर, जास्तीत जास्त १५ मिनिटं. मग साध्या पाण्याने धुतलं.
४. स्क्रू-ड्रायव्हरने खरवडायचं नाही. लेप गेला की सेल खरोखर गेला.

आणि हे पाठच करा: ॲसिड आणि टीसीएल एकत्र आले तर विषारी क्लोरीन वायू सुटतो. दोन्ही एका कपाटातही ठेवू नका.

मिठासाठी मात्र १७ हजार लिटर पाणी काढून टँकरचं गोडं पाणी भरावं लागलं. शेजारचे केळीवाले म्हणाले, वाया चाललंय तर बागेत सोडा. आप्पा हो म्हणणार होते. मी थांबवलं. केळीला खारं पाणी सोसत नाही. ते सांडपाण्याच्या लाइनला सोडलं.

हिरवेपणा एकट्या मशीनने जात नाही. एकदा लिक्विड क्लोरीनचा मोठा डोस दिला, भिंती घासल्या, फिल्टर सलग चालवला. चौथ्या दिवशी तळ दिसला.

आता आप्पांच्या भिंतीवर कागद चिकटवलाय. रोज: पंपाची जाळी. आठवड्यातून दोनदा: क्लोरीन १ ते ३ पीपीएम, पीएच ७.२ ते ७.६. महिन्यातून एकदा: पट्टीने मीठ मोजणे आणि प्लेटा बघणे. उन्हाळ्याआधी: स्टॅबिलायझर, नाहीतर भर उन्हात क्लोरीन काही तासांत उडतं. मीठ टाकायचं तर आयोडीन नसलेलं, आणि पट्टीने मोजल्याशिवाय एक मूठही नाही.

हे सगळं ठीक असूनही क्लोरीन बनत नसेल, तर मेकॅनिक बरोबर आहे, सेल बदला. सेल काही वर्षंच टिकतो. आप्पांचा अजून चालतोय. एप्रिलचा क्लास वेळेवर सुरू झाला आणि फ्लो स्विचची वायर मी स्वतः परत जोडून आलो. तुमच्या ओळखीत कुणाकडे असं मशीन असेल तर एवढं एकच विचारा: "स्विच डायरेक्ट तर नाही ना केला?"

भेटू पुढच्या भागात!