आभाळाची राखण (भाग ६) : जागल्याचा माग

खानदेशात अनेक गावांची राखण भिल्ल जागल्याकडे असे. चोरी झाली की तो पावलांचा माग काढत शिवेपर्यंत जाई. माग पुढे गेला तर पलीकडच्या गावच्या हवाली करी. आपल्याच शिवारात हरवला तर भरपाई आधी त्याच्यावर, त्याला न झेपलेली गावावर. १८२५ साली जेम्स आउटरामने भिल्लांची पलटण उभी केली, तिचे ठाणे आपल्या धरणगावात होते. त्या पलटणीची गोष्ट इथे अजून सांगतात. जागल्याची जबाबदारी मात्र कुणी सांगत नाही, आणि मला तीच जास्त मोलाची वाटते.

आभाळाच्या राखणीलाही तीच जबाबदारी लागते. मागच्या भागात क्षेपणास्त्र अडवणारी साखळी पाहिली : रडार, नियंत्रण कक्ष, अस्त्र. तिची सर्वांत नाजूक कडी म्हणजे ओळख पटणे. जमिनीवरचे यंत्र सांकेतिक साद घालते, आपले विमान ठरलेल्या संकेतात ओ देते. ओ आली नाही, तर पडद्यावरचा ठिपका आपला की परका हे माणसाला ठरवावे लागते, तेही काही क्षणांत.

बालाकोटवरच्या हवाई हल्ल्याच्या दुसऱ्या दिवशी, २७ फेब्रुवारी २०१९ला सकाळी, हेच चुकले. काश्मीरमधल्या बडगाममध्ये हवाई दलाचे एमआय-१७ हेलिकॉप्टर आपल्याच स्पायडर क्षेपणास्त्राने पाडले. हेलिकॉप्टरमधले सहा जण आणि जमिनीवरचा एक नागरिक गेला. सहा जणांत नाशिकचे स्क्वाड्रन लीडर निनाद मांडवगणे होते. सुरुवातीला बातमी आली ती केवळ हेलिकॉप्टर कोसळल्याची. मध्ये लोकसभेची निवडणूक पार पडली. ४ ऑक्टोबरला हवाई दलप्रमुख राकेशकुमार सिंह भदौरिया यांनी ही आपली मोठी चूक होती, असे जाहीरपणे मान्य केले. सात महिने फार झाले. तरी चौकशी झाली, दोष ठरला, आणि प्रमुखाने तो तोंडाने कबूल केला, हे मी मोठे मानतो.

अस्त्रांचा हिशेब संसदेपुढेही येतो. २०१७ साली ‘कॅग’ने लिहिले की, चाचणीला घेतलेल्या २० ‘आकाश’ क्षेपणास्त्रांपैकी ६ नापास झाली. हे छापले म्हणून देश दुबळा झाला नाही.

पण अस्त्राच्या आधी लागते ती खबर, आणि खबर आणणाऱ्यांना विचारायची सोय नाही. आयबी आणि रॉ या आपल्या गुप्तचर यंत्रणा. आयबी १८८७ पासूनची, रॉ १९६८ ची. दोन्ही संसदेच्या स्वतंत्र कायद्याने बांधलेल्या नाहीत. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ ने दोन्ही त्या कायद्याबाहेर ठेवल्या आहेत. अपवाद भ्रष्टाचार व मानवी हक्कभंगाच्या आरोपांचा. खबऱ्याचे नाव झाकलेच पाहिजे, त्यावर वाद नाही. पण आलेला इशारा कुणाच्या टेबलावर पडून राहिला, हे सांगितल्याने कुठला खबरी उघडा पडतो?

मुंबईवरच्या २६/११ च्या हल्ल्यानंतर महाराष्ट्राने राम प्रधान आणि व्ही. बालचंद्रन यांची समिती नेमली. एक माजी केंद्रीय गृहसचिव, दुसरे रॉमध्ये वरिष्ठ पदावर राहिलेले. समुद्रातून आणि हॉटेलांवर हल्ला होण्याचे इशारे आधी येऊन गेले होते. राज्याने त्यांचे काय केले, हे समितीने तपासले. केंद्राच्या यंत्रणा तिच्या कक्षेबाहेर होत्या. माग शिवेपर्यंत आला आणि तिथेच थांबला.

ब्रिटनमध्ये १९९४ पासून गुप्तचर यंत्रणांवर देखरेख करणारी खासदारांची समिती कायद्याने आहे. आपल्याकडे मनीष तिवारी यांनी २०११ साली लोकसभेत तशा देखरेखीचे खासगी विधेयक आणले. ते कायदा झाले नाही.

(पुढील भागात : भुसावळ आणि वरणगावच्या आयुध निर्माणी)